पानपेटी पुढे, वऱ्हाड मागे

शुक्रवारची नमाज आटोपून पुरुष मंडळी परतली आणि मांडवाचा आडवा झालेला खांब चौघांनी मिळून उभा केला. खांब उभा राहिला, पण त्याच्याबरोबर घरातलं आणखीही काही आडवं झालं होतं. ते इतक्या सहजासहजी उभं राहणार नाही, हे आंगाला ओट्यावर बसल्या बसल्या कळत होतं.

सकाळचा प्रकार साऱ्या तेबिंग गावाने पाहिला होता. तिची आई झबेदा, मुलांची माक, नातवंडांची ओपा आणि नातवंडांचं ऐकून गावाचीही ओपा, एकोणऐंशी वर्षांची, बाजारातून चाळीस नारळ घेऊन आपल्या निळ्या गाडीने आली. तिने अंगणात गाडी मागे घेतली आणि उद्याच्या लग्नासाठी घातलेल्या मांडवाचा खांब उडवला. खाली शेजारच्या बायका मदतीला जमून कांदे चिरत होत्या. अर्धा मांडव त्यांच्या डोक्यावर आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कापडाखालून एकेक जण हसत बाहेर आली. "पायाखाली नारळ घरंगळला," असं ओपाने सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं.

येओपने मानलं नाही. येओप म्हणजे थोरला. शाळा तपासणीस म्हणून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती, पण घरात बोलायला लागला की अजून मुद्दे पडायचे. उद्याचा नवरदेव झुहैर त्याचाच मुलगा. दहा वर्षांचा होईपर्यंत तो ओपाजवळ वाढला होता, म्हणून लग्न शाह आलम शहरातल्या येओपच्या घरून न निघता इथून निघणार होतं.

"मुद्दा पहिला," येओप म्हणाला. "माकची नजर."

"दुसरा मी सांगते," ओपा म्हणाली. "माकचे गुडघे. तिसरा, माकचा हट्ट. झालं? चहा घे."

"माक, थट्टा नको. उद्या खांबाच्या जागी एखादं मूल असलं तर?"

यावर ओपा काही बोलली नाही. ते आंगाच्या लक्षात आलं. आईने उत्तर दिलं नाही असं तिच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं.

येओपने खुंटीवरची गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. "गाडी बंद. आणि गाडी नाही म्हटल्यावर इथे एकटीने राहणंही बंद. दवाखाना तेरा किलोमीटर. बाजार तेवढाच. वाटेत काही झालं तर? तीन महिने माझ्याकडे, तीन आंगाकडे इपोहला, तीन उसुकडे तैपिंगला."

"आणि उरलेले तीन?"

"उरलेले… परत माझ्याकडे."

"म्हणजे मी आता फिरतं वाचनालय," ओपा म्हणाली. "प्रत्येकाने आपापल्या दारात उभं करायचं."

उसु, धाकटा, दाराशी टेकून उभा होता. तैपिंगला त्याचं गाड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. निळी गाडी इतकी वर्षं चालली ती त्याच्याच हातामुळे. "मी येत जाईन की दर शुक्रवारी," तो म्हणाला. "माकला लागेल ते आणून देईन. घर कशाला सोडायला लावता?"

"दर शुक्रवारी?" येओपने चष्म्यावरून पाहिलं. "गेल्या वर्षी किती शुक्रवार आलास?"

उसुने मान खाली घातली. बाजू मांडायला एकच जण होता, तोही गेला. मग ओपाने लेकीकडे पाहिलं.

आंगा इपोहच्या इस्पितळात परिचारिका होती. "माक, येओप बरोबर बोलतोय," ती म्हणाली. "खुब्याचं हाड मोडून आलेल्या बायका मी रोज वॉर्डात बघते. एकट्या राहणाऱ्या. कुणी दोन दिवस पडून राहिलेल्या."

"वॉर्डात येतात त्याच तुला दिसतात," ओपा म्हणाली. "ज्या येत नाहीत त्या कुठून दिसणार?"

"आम्ही आहोत ना, माक," येओपची बायको हसना समजुतीने म्हणाली. "म्हणाल तिथे नेऊ. तुम्ही आता फक्त मागे बसायचं."

"हेच म्हणतोय मी," येओप म्हणाला. "नेणं-आणणं आमच्याकडे. तुला काळजी नाही."

ओपा उठली आणि कांदे चिरायला गेली. तिला गाडीचं वाईट वाटलंच, त्रेचाळीस वर्षांची सवय. पण गाडी गेली तर ती सोसणार होती. घर सोडणं मात्र तिला सोसणार नव्हतं. या घरात तिचा नवरा गेला होता, तीन मुलं जन्मली होती. इथे ती कुणाच्या परवानगीशिवाय सकाळी दार उघडत होती. शाह आलमच्या अकराव्या मजल्यावर दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. तिथे ती पंधरा दिवस राहून आली होती, आणि त्या पंधरा दिवसांत तिला कुणी भाजी आणायलासुद्धा पाठवलं नव्हतं.

*

निकाह शनिवारी अकराला, नदीपलीकडे नवरीच्या घरी होता. काझींना साडेबाराला त्याच रस्त्यावर दुसरा निकाह लावायचा होता, त्यामुळे उशीर करू नका असा निरोप दोनदा आला होता. शाळांच्या सुट्टीतला शनिवार म्हणजे पेराक राज्यात कोसाकोसावर मांडव. गाडीने जायचं तर शहराला वळसा घालून पुलावरून जावं लागे.

साडेनऊला अंगणात नऊ गाड्या लागल्या. प्रत्येकीच्या आरशाला पिवळी फीत. पुढची येओपची, तिच्यात नवरदेव. मागे तबकं धरलेल्या बायका, शेजारीपाजारी, डफवाले. पितळेची पानपेटी ओपाच्या हातात होती. वऱ्हाडात पानपेटी पुढे, बाकी सगळं मागे. ती नवरीच्या दारात पोचत नाही तोवर नवरदेवाकडची माणसं पोचली असं कुणी धरत नाही. आणि ती घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनेच न्यायची.

"बसा, बसा, निघायचं!" येओप ओरडला.

ओपा पानपेटी ओट्यावर ठेवून मागच्या दाराला कडी घालायला आत गेली. मग न्हाणीची खिडकी. मग गॅस. मग मांजराची वाटी. हे ती नेहमी शेवटी करायची. त्रेचाळीस वर्षं गाडी तिचीच, चालवणारीही तीच. ती येऊन बसेपर्यंत गाडी सुटेल कशी? गाडी आपल्याला सोडून जाऊ शकते, हे शिकायची वेळच तिच्यावर आली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा अंगणात धूळ होती आणि कोंबड्या होत्या.

येओपला वाटलं, माक आंगाच्या गाडीत बसली, तिथे बायका आहेत. आंगाला वाटलं, माक पुढे असणार, पानपेटी तिच्याकडे आहे. उसुला वाटलं, इतकी माणसं आहेत, कुणीतरी घेतलंच असेल. "नेणं-आणणं आमच्याकडे" म्हणणाऱ्यांनी पहिल्याच फेरीला आईला घरी ठेवलं होतं.

ओपा आधी हसली. मग तिला राग आला. मग ती ओट्यावर बसून नीट विचार करू लागली.

फोन करावा? केला तर येओप पुलावरून गाड्या वळवणार. काझी निघून जाणार. आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक ईदला ऐकायचं की माकमुळे झुहैरचा निकाह हुकला. तिने फोन पिशवीत टाकला.

निळी गाडी छपरीत उभी होती. किल्ली येओपच्या खिशात, पण दुसरी किल्ली तांदळाच्या डब्यात होती आणि ते ओपाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ती आत गेली. डब्यात कोपरापर्यंत हात घातला. किल्ली बोटांना लागली.

नारळ घरंगळला नव्हता. तिला खांब दिसलाच नव्हता. लाल-पांढरा, माणसाहून उंच खांब, आणि तो आरशात नव्हता. आज रस्त्यावर मांडवच मांडव, लहान मुलं फुगे घेऊन पळत असणार. तिने हात बाहेर काढला, तांदूळ झटकले, डब्याचं झाकण लावलं. पानपेटी उचलली, घराला कुलूप घातलं आणि नदीकडे चालू लागली.

बोटीचा धक्का चारशे पावलांवर. नवे बूट चावत होते, पानपेटी जड होती. दोनदा ती भिंतीला टेकून थांबली. धक्क्यावर पाक अलांग बोटीतलं पाणी उपसत होता. साठीचा माणूस, तिला पाहून त्याच्या हातातलं डबडं तसंच राहिलं.

"ओपा? तुम्ही? गाडी कुठाय?"

"दारात."

"बंद पडली?"

"गाडी ठणठणीत आहे. मीच बंद पडले. पलीकडे सोड, नातवाचं लग्न आहे."

"आणि वऱ्हाड?"

"मीच वऱ्हाड. हात दे."

तिने हात धरला, एक पाय बोटीत टाकला, बोट हलली आणि ती मटकन बसली. पानपेटी मात्र सरळ राहिली. त्रेचाळीस वर्षांत ती या बोटीत बसली नव्हती. रोज काठच्या रस्त्याने हॉर्न वाजवत जायची आणि खाली बोट आहे की बुडाली हेही पाहायची नाही.

"अजून चालते का रे तुझी बोट?"

"न चालायला काय झालं? सकाळी शाळेची पोरं. सोमवारी बाजारवाल्या. गुरुवारी दवाखानावाल्या, पलीकडच्या धक्क्यावरून बस जाते ना थेट दवाखान्याच्या फाटकात. मधे कुणी हाक मारली की मी आहेच."

"बसतं कोण?"

"तुमच्या गाडीत मावत नाहीत ते सगळे," पाक अलांग म्हणाला. "म्हणजे गाव."

ओपाने पानपेटी मांडीवर सरळ धरली. बाळंतिणी, आजारी माणसं, परीक्षेची पोरं तिने गाडीत घालून नेली होती आणि आपल्यावाचून गावाचं अडतं असं तिला खरोखर वाटत आलं होतं. गाव तिच्या मागून रोज नदी ओलांडत होतं. तिला थोडी लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला.

पलीकडे उतरली तेव्हा धक्क्यावर काक नोर आपल्या मोटारसायकलीच्या जोडगाडीत बर्फाची पोती भरत होती. लग्नाच्या दिवसांत सगळ्या मांडवांना बर्फ तिचाच.

"बर्फ कुणाच्या लग्नाला?" ओपाने विचारलं.

"दोन लग्नं आहेत एकाच रस्त्याला. आधी पिवळ्या फाटकाचं, मग मोक्तारचं."

"आधी मोक्तारचं कर, नातवाची सासुरवाडी आहे ती. आणि मला घे."

"ओपा, जागा कुठाय? बर्फ आहे सगळा."

"बर्फावर बसते."

"भिजाल!"

"भिजेन. पण पोचेन ना?"

*

येओपच्या गाड्या पुलावर पस्तीस मिनिटं अडकल्या. पूल ओलांडला तेव्हा अकराला दहा कमी होते. फोनवरचा नकाशा म्हणत होता, सरळ. पुढे पिवळ्या फितींच्या चार गाड्या चालल्या होत्या, त्याही सरळ. येओपला वाटलं आपल्याच, डफवाल्यांच्या, पुढे गेल्या असतील. पिवळ्या फाटकाशी गणवेशातला माणूस शिट्टी वाजवत हात करत होता. "वऱ्हाड? या, या, आत घ्या!"

गाड्या आत गेल्या. मागून पाहुण्यांच्या आणखी वीस-पंचवीस लागल्या. डफ सुरू झाले. तबकं निघाली, आणि त्या गडबडीत पानपेटी पुढे आहे का हे कुणी पाहिलं नाही. यजमान दोन्ही हात पुढे करून आले. त्यांच्या चेहऱ्यावर जरा गोंधळ होता, पण आलेल्या माणसाला आधी बसवायचं, वाढायचं आणि मग विचारायचं, ही त्यांचीही रीत होती. पाच मिनिटांत येओपसमोर भात आणि नारळात शिजवलेल्या मांसाचं रेंडांग आलं. त्याने पहिला घास घेतला. रेंडांग उत्तम होतं.

"अहो," हसना हळूच म्हणाली, "हा मुलगा कोण?"

"कुठला?"

"फलकावरचा. नवरीशेजारी फोटोतला. आपला झुहैर नाही तो."

येओपने मान वर केली. मोठ्या फलकावर फुलांच्या कमानीत एक गुटगुटीत तरुण हसत होता. नवरीही ओळखीची नव्हती. येओपच्या शेजारी खराखुरा झुहैर जरीच्या पोशाखात घामाघूम होऊन बसला होता. "बापा, मला केव्हापासून वाटतंय," तो म्हणाला. "पण तुम्ही इतक्या खात्रीने आत शिरलात."

यजमानांना कळलं तेव्हा ते हसू दाबत म्हणाले, "असू दे हो, पाहुणे ते पाहुणे. जेवूनच जा."

"पानपेटी तरी काढा," आंगा म्हणाली. "मोक्तारकडे जाऊन आधी पानपेटी देऊ, म्हणजे ते थांबतील. माकला उठवा."

"माक तुझ्या गाडीत ना?"

"माझ्या? ती तुझ्या गाडीत!"

"माझ्यात झुहैर आणि हसना. उसु!"

उसुने नऊही गाड्यांत डोकावून पाहिलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "घरी राहिली," तो म्हणाला. "आपण तिला घरीच ठेवलं."

येओपने फोन लावला. अकरा वेळा लावला. उचलला नाही. आंगाच्या डोळ्यांसमोर वॉर्ड आला. येओपला मात्र काल आपण खुंटीवरून किल्ली काढली ते आठवलं आणि शरमेने त्याच्या हातातला घास तसाच राहिला. गाडी काढायला उसु धावला, पण मागे दुसऱ्यांच्या गाड्या तीन-तीन रांगांत उभ्या होत्या आणि त्यांचे मालक जेवत होते.

तेवढ्यात यजमान फोन घेऊन आले. "काझीसाहेबांना विचारायला फोन केला, की आमच्याकडे आणखी एक नवरदेव आलाय, काय करू. तिकडून कुणी बाई म्हणतात, पांढऱ्या केसांच्या, चष्मेवाल्या माणसाला फोन द्या. जेवत असेल, म्हणाल्या."

येओपने फोन कानाला लावला.

"येओप, हात धू."

"माक! माक, तू कुठे आहेस?"

"तू असायला हवा होतास तिथे. मोक्तारच्या ओट्यावर. पानपेटी दिली, त्यांनी घेतली, आपली बाजू पोचली. नवरदेव तेवढा राहिलाय."

"तू आलीस कशी? फोन का नाही उचललास?"

"दोन्ही हातांत पानपेटी होती, फोन काय दातांनी उचलू? ते सगळं मग. काझी बारापर्यंत थांबतोय. चौथं पान करून दिलंय त्याला, पाचवं तो खाणार नाही. निघा."

"माक, गाड्या अडकल्यात. निघायला अर्धा तास तरी—"

"गाड्या कुणी मागितल्या? त्या मांडवाच्या मागे रबराची बाग आहे. तुझ्या जन्माआधीपासून वीस वर्षं मी तिथली झाडं चिकासाठी खरवडलीत. बागेतून पायवाट सरळ ओढ्यावर येते. ओढ्यावर फळी आहे, मोक्तारला विचारून घेतलंय. फळी ओलांडली की मोक्तारच्या केळी. दहा मिनिटं. चालायला लागा."

"हसनाच्या पायांत उंच टाचा आहेत."

"हातात घेऊ दे."

*

इतकं वऱ्हाड पायी चाललेलं आंगाने लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. पुढे झुहैर, जरीचं वस्त्र दोन्ही हातांनी वर धरून. मागे तबकं डोक्यावर घेतलेल्या बायका. केकचं तबक उसुच्या डोक्यावर. डफवाल्यांनी फळीवर डफ थांबवले आणि ओलांडल्यावर पुन्हा सुरू केले. हसना अनवाणी होती आणि हसत होती. येओप सगळ्यांच्या शेवटी, कुणी मागे राहिलं तर नाही ना, म्हणून दर झाडापाशी माणसं मोजत होता.

केळी संपल्या आणि मांडव दिसला. मांडवाच्या तोंडाशी ओपा उभी होती. तिची ओढणी वाकडी झाली होती. जांभळ्या पोशाखाला मागून बर्फाच्या पाण्याचा मोठा डाग पडला होता आणि ती तो मुळीच लपवत नव्हती.

"सतरा मिनिटं," ती म्हणाली. "दहाची वाट होती."

मग ती वळली आणि वऱ्हाडाच्या पुढे चालू लागली. मोक्तारकडच्या बायकांनी तांदूळ आणि फुलं उधळली. काझींनी घड्याळ पाहिलं, सुटकेचा श्वास टाकला. झुहैरने कबुली एका दमात म्हटली, कुठे अडखळला नाही. साक्षीदार म्हणाले, मान्य. बारा वाजून दहा मिनिटांनी नादिरा ओपाची नातसून झाली.

काझी घाईने उठले. पुढच्या निकाहाला जायचं, आणि रस्त्यावर गाड्यांचा खच.

"केळीतून जा," ओपाने सांगितलं. "फळी जरा निसरडी आहे. डावीकडून चाला."

काझी टोपी सावरत केळीत शिरले. सगळा मांडव हसला, आणि त्या हसण्यात ओपाचा आवाज सगळ्यात मोठा होता.

जेवणं झाली. येओपने दुसऱ्यांदा वाढलेलं ताट बाजूला सारलं. तो आईच्या समोर चटईवर येऊन बसला. आंगा आणि उसुही आले.

"मुद्दा पहिला," तो म्हणाला, आणि मुद्दे सोडून दिले. मग म्हणाला, "माक, आम्ही तुला विसरलो."

"विसरलात म्हणून तर वेळेत पोचले. आठवणीने घेतलं असतंत तर मीही त्या मांडवात रेंडांग खात बसले असते."

"हसू नकोस. मला झोप लागणार नाही."

"मग ऐका," ओपा म्हणाली, आणि तिचा सूर बदलला. "नारळ घरंगळला नव्हता. मला खांब दिसला नाही. आज तांदळाच्या डब्यातली दुसरी किल्ली हातात आली होती, ती मी परत पुरली. गाडी उसुने न्यावी, पुसून ठेवावी, विकावी, काहीही करावं. मी आता चालवणार नाही. हे तू सांगितलंस म्हणून नाही. मला कळलंय म्हणून."

उसुने डोळे पुसले. त्याला ती गाडी आईपेक्षा थोडीच कमी प्रिय होती.

"पण येओप, गाडी चालवणं थांबलं म्हणजे माझं चालणं थांबलं, हे तुला कुणी सांगितलं? सोमवारी बाजार आहे, गुरुवारी दवाखाना, धक्क्यावरून बस. सगळं गाव जातं. मी काय वेगळी आहे?"

"पडलीस तर?" आंगाने विचारलं. पण कालचा सूर आता नव्हता.

"पडेन की. बोटीत पडले तर पाक अलांग उचलेल, बसमध्ये पडले तर बसवाला. घरात बसून पडले तर कोण उचलणार?"

आंगाने आईच्या सुजलेल्या पायातला बूट काढला, टाचेचा फोड पाहिला. "हे बूट नकोत," ती म्हणाली. "चांगले चालायचे बूट मी आणते. आणि हातात काठी."

"काठी घेईन. नक्षीची आण, दवाखान्यातली नको."

"आणि गुरुवारी दवाखान्यातून मला फोन करायचा."

"दर गुरुवारी करेन. उचलायचा मात्र तू."

सगळे येओपकडे पाहू लागले. मोक्तार, विहीणबाई, नवी सून, डफवाले. त्याने चष्मा काढला.

"तीन-तीन महिने नाही," तो म्हणाला. "माक आपल्या घरी राहील. जितकी वर्षं तिला राहायचं तितकी."

"पाहुण्यांसमोर बोललेत," हसना म्हणाली. "आता फिरवता येणार नाही."

"फिरवायचं नाहीच आहे!" येओप ओरडला, आणि मग त्याला इतकं हलकं वाटलं की तोही हसू लागला.

ओपाला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. जिंकल्यावर माणसाने रडायला हरकत नाही, असं तिचं मत होतं. विहीणबाईंनी तिला कोरडं नेसायला दिलं, पण ती म्हणाली, असू दे, घरी जाऊन बदलेन, माझ्या घरी. घरी हा शब्द तिने दोनदा म्हटला.

तीन वाजले. पिवळ्या फाटकाच्या मांडवात जेवणावळी अजून चालूच होत्या आणि तिथल्या गाड्या संध्याकाळपर्यंत हलणार नव्हत्या. उद्या तेबिंगला हजार पानांचं जेवण होतं. नारळ खवायचे, मसाला वाटायचा. वऱ्हाड मांडवात बसून एकमेकांची तोंडं बघत होतं.

ओपा उठली. तिने काक नोरला हाक मारली, जोडगाडीतली रिकामी पोती नीट पसरायला लावली आणि दोन म्हाताऱ्या शेजारणींना त्यांच्यावर बसवलं. बाकीच्यांना म्हणाली, "धक्का दोन किलोमीटर. सावलीची बाजू धरा."

सगळ्यात आधी येओप उठला. त्याच्या मागून सगळे निघाले.

पाक अलांगच्या बोटीत बारा जणांना जागा होती. पहिल्या फेरीला कोण जाणार आणि कोण मागे थांबणार, ते धक्क्यावर उभं राहून ओपाने ठरवलं.